निकष, बट्टा आणि बिदागी : मिरज परिसराच्या आधारे पैशाच्या अर्थांचा एक इतिहास

मराठी समीक्षेच्या परिभाषेतील ज्या संज्ञा नित्य वापरामुळे आपल्याला जवळजवळ पारदर्शक वाटू लागल्या आहेत, त्यांतील बऱ्याच सराफाच्या पेढीवरून आलेल्या आहेत. ‘निकष’ म्हणजे सोने घासून पाहण्याचा दगड. ‘कसोटी’ म्हणजेही तोच. कलाकृती ‘हिणकस’ ठरते तेव्हा तिच्यात हीण, म्हणजे हलका धातू, मिसळलेला आहे असे आपण म्हणत असतो. प्रतिभा ‘बावनकशी’ असते, लेखक ‘नाणावलेला’ असतो, शैली ‘खणखणीत’ असते आणि रसिकाला ‘पारख’ असावी लागते. या सर्व शब्दांच्या मागे एकच चित्र आहे : समोर धातूचा एक तुकडा आहे, त्याचा कस त्याच्या अंतरंगात आहे आणि जाणत्याच्या हाती दगड असला की तो कस उघड होतो. धातू कोणाच्या हातून आला, कोणत्या गावचा आहे, कोणाला द्यायचा आहे, या प्रश्नांना या चित्रात जागा नाही.

‘रुपया’ या शब्दाचा पूर्वज मात्र वेगळेच काही सुचवतो. ‘रूप्य’ हा शब्द पाणिनीने ‘रूप’ या शब्दापासून दोन अर्थांनी सिद्ध करून दिला आहे. एक अर्थ ‘ठसा उमटवलेले’ असा आणि दुसरा ‘प्रशंसनीय रूप असलेले’ असा. नाणे आणि सुंदर वस्तू यांची कुळी अशी एकाच सूत्रात नांदते. पण दोन्ही ठिकाणी भर आहे तो रूपावर, म्हणजे ठशावर आणि प्रशंसेवर. धातूच्या गर्भाचा तेथे उल्लेख नाही. ठसा कोणीतरी उमटवावा लागतो आणि प्रशंसा कोणीतरी करावी लागते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नाण्यांच्या चलनावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याला ‘रूपदर्शक’ म्हटले आहे, हेही या संदर्भात लक्षणीय आहे.

प्रस्तुत निबंधाचे म्हणणे थोडक्यात असे की, मराठी समीक्षेने पैशाच्या व्यवहारातून दगड घेतला, पण त्याच व्यवहारातील तितकेच महत्त्वाचे दुसरे साधन, ‘बट्टा’, घेतले नाही. बट्टा म्हणजे काय, तो बाजारातून कसा नाहीसा झाला आणि नाहीसा होऊन कोठे गेला, हे पाहण्यासाठी मिरज आणि तिच्या आसपासचा मुलूख सोयीचा आहे. एक तर पटवर्धनांच्या दप्तरामुळे या मुलखातील अठराव्या शतकाचा द्रव्यव्यवहार असाधारण तपशिलाने उपलब्ध आहे. दुसरे असे की, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मिरज हे संगीताचे गाव झाले, आणि गाण्याला पैसे कसे, कोणत्या नावाने व कोणाला द्यायचे, हा प्रश्न तेथे फार उघडपणे उभा राहिला.

मिरजेच्या हायस्कुलात संस्कृत शिकविणाऱ्या वासुदेवशास्त्री खरे (१८५८–१९२४) यांनी १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ प्रसिद्ध करावयास आरंभ केला. पटवर्धन सरदारांचा हा पत्रव्यवहार आपण बहुधा मोहिमा, तह आणि कारस्थाने यांसाठी वाचतो. खऱ्यांनीही तो त्याच दृष्टीने लावला. ते नाटककारही होते, त्यामुळे त्यांच्या प्रस्तावनांत घटनेला नाट्याचे वळण मिळते. परंतु तीच पत्रे पैशाच्या अंगाने वाचली तर मोहिमेपेक्षा मोहिमेचा खर्च हाच त्यांचा खरा नायक असल्याचे दिसते. सरंजामाचा वसूल धान्याच्या हंगामावर येणार, फौजेचा रोजमुरा त्याआधी द्यावयाचा. म्हणून सावकाराकडून कर्ज, कर्जापोटी महालावर वरात, लांबच्या छावणीला हुंडी, आणि हुंडी सकारली न गेल्यास दोन पेढ्यांचा व दोन सरदारांचा रुसवा. रक्कम सांगताना केवळ आकडा पुरत नाही. कोणत्या शिक्क्याचे रुपये, नवे की झिजलेले, हेही सांगावे लागते.

याचे कारण, ‘रुपया’ नावाची एकच वस्तू तेव्हा अस्तित्वातच नव्हती. अंकुशी, चांदवडी, सुरती, पन्हाळी आणि सांगलीकर पटवर्धनांच्या ताब्यातील शहापूरचा शहापुरी, असे कितीतरी रुपये दक्षिण महाराष्ट्रात आणि कर्नाटकाच्या सीमेवर एकाच वेळी फिरत. कित्येकांवर मोगल बादशहाचे नाव असे. टांकसाळ मराठ्यांची, चांदी बाहेरून आलेली, आणि नाव दिल्लीतल्या अशा बादशहाचे की ज्याची सत्ता या मुलखात उरलेलीच नव्हती. चिन्हमीमांसेच्या अभ्यासकांना अनुपस्थित अर्थनिर्देशाचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही. शेजारी होन होते, तांब्याची शिवराई होती, ढब्बू पैसा होता. आणि तांबे व चांदी यांचा परस्परभावही स्थिर नसे. रुपया मोडला म्हणजे त्याचा ‘खुर्दा’ होई, आणि किती खुर्दा मिळेल हे त्या दिवशीचा बाजार ठरवी. न मोडलेल्या रुपयाला ‘बंदा’ म्हणत. माणसाचा खुर्दा होतो आणि माणूस बंदा रुपया असतो, हे भाषेने तेथूनच उचलले.

एका रुपयाचे दुसऱ्या रुपयात रूपांतर करताना जो फरक द्यावा लागे तो बट्टा. वजन आणि कस यांवर तो अवलंबून असे हे खरे. पण तेवढ्यावरच नसे. सरकारी भरणा ज्या शिक्क्यात ठरला आहे त्याखेरीज दुसरा शिक्का आणला तर बट्टा. नाणे आपल्या प्रांतातून दूर गेले तर बट्टा. त्याच टांकसाळीचे पण जुन्या सालाचे असले तरी बट्टा. पोतदार नाणे पारखून घेई आणि पोतात टाकी. पोतदार, पोतनीस, पारखी, सराफ, टांकसाळे ही आडनावे त्या यंत्रणेची उरलेली मुद्रा आहे. म्हणजे नाण्याचे मोल धातूत काही अंशीच असे. उरलेले मोल ते नाणे कोठे, कोणाकडून, कोणाला आणि कशासाठी दिले जाते, या संबंधांत ठरे. शेतकऱ्याला या व्यवस्थेचा जाच किती असेल याची कल्पना करता येते. त्याच्या हाती येणारे नाणे एक, सरकार मागणार दुसरे, आणि मधला फरक सांगणारा माणूस तिसरा. त्या जुन्या विविधतेचा गौरव करण्याचा मोह आज होतो, तेव्हा हा तिसरा माणूस विसरता कामा नये.

मोल्सवर्थच्या कोशात (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) ‘बट्टा’ या शब्दाखाली विनिमयातील फरक आणि डाग किंवा कलंक असे दोन्ही अर्थ आहेत. दोहोंची व्युत्पत्ती एक की भिन्न, हा प्रश्न भाषाशास्त्रज्ञांनी सोडवावा. बोलणाऱ्याच्या मनात मात्र ते एकमेकांत मिसळून गेले आहेत. अब्रूला बट्टा लागतो तेव्हा माणूस आहे तोच राहतो, त्याचा कस कमी झालेला असतोच असे नाही. पण गावाच्या बाजारात तो पूर्वीच्या दराने चालत नाही. ‘पत’ हा शब्द तर आजही पेढी आणि प्रतिष्ठा या दोन्ही ठिकाणी सारख्याच सहजतेने वापरला जातो. हुंडीच्या परिभाषेत ‘शाहाजोग’ हुंडी होती, म्हणजे प्रतिष्ठित, माहितगार सावकाराच्या हातीच पैसे द्यावयाचे. कागद खरा असून भागत नसे. कागद आणणारा माणूसही खरा लागे.

येथे कवडीचाही उल्लेख केला पाहिजे. अठराव्या शतकात दख्खनमध्ये लहान व्यवहारांसाठी कवड्या चालत आणि त्या मालदीव बेटांवरून समुद्रमार्गे येत. फ्रँक पर्लिन यांनी उत्तर-मध्ययुगीन महाराष्ट्रातील पैशाच्या वापरावर केलेल्या लेखनामुळे, गावगाडा हा रोकडीविना चालणारा बंदिस्त संसार होता, ही समजूत बरीच ढासळली आहे. त्या व्यापारातली कवडी दूरच्या देशाहून आणलेली वस्तू होती. भाषेत ती ‘कवडीमोल’ झाली आणि तुळजाभवानीच्या आराध्याच्या गळ्यात तीच माळ होऊन बसली. एकच कवडी एका ठिकाणी सर्वांत हलकी आणि दुसऱ्या ठिकाणी विकतच न घेता येणारी. या दोन कवड्यांतील फरक कोणत्या दगडावर घासून दाखवणार?

१८३५ च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीने १८० ग्रेन वजनाचा, अकरा-बारांश शुद्ध चांदीचा एकच रुपया आपल्या मुलखात प्रमाण ठरवला. त्यावर बादशहाच्या नावाऐवजी चौथ्या विल्यमचा मुखवटा आला. हा रुपया यंत्रावर पाडलेला, कडा नीट कातरलेला. म्हणून लोक त्याला ‘कलदार’ म्हणू लागले, कल म्हणजे यंत्र. संस्थानी टांकसाळी हळूहळू बंद पडल्या, जुनी नाणी आटवली गेली. ‘कलदार’ हे नाव सुचवते की, सामान्य माणसाला नव्या रुपयात दिसला तो राजा नव्हे, यंत्र. प्रत्येक रुपया दुसऱ्यासारखाच असणे ही त्यातली नवलाई होती.

आधुनिक अर्थशास्त्राचा पैसा हा कलदार पैसा आहे. विनिमयाचे माध्यम, मूल्याचे मापन, मूल्याचा संचय, ही पाठ्यपुस्तकी कार्ये त्याला पार पाडता यावीत म्हणून त्याचा प्रत्येक एकक दुसऱ्याशी पूर्णपणे अदलाबदल करण्याजोगा असला पाहिजे. गेओर्ग झिमेल यांनी १९०० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पैशाच्या तत्त्वज्ञानावरील ग्रंथात या गुणाचा विस्तार संस्कृतीपर्यंत केला : पैसा रंगहीन आहे आणि ज्याला स्पर्श करतो त्याचाही रंग घालवतो. सोस्यूर यांच्या १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत शब्दाचे मूल्य समजावताना पाच फ्रँकच्या नाण्याचा दृष्टान्त येतो. त्या नाण्याची पावाशी, म्हणजे विजातीय वस्तूशी, अदलाबदल होते आणि त्याच व्यवस्थेतील दुसऱ्या नाण्याशी तुलना होते. आपल्याकडे संरचनावादाची चर्चा होताना हा दृष्टान्त वारंवार येतो. पण सोस्यूर यांच्या डोळ्यांपुढे एकाच राष्ट्राचे एकजिनसी चलन होते. त्यांनी शहापुरी आणि पन्हाळी रुपयांच्या बाजारात उभे राहून हा दृष्टान्त दिला असता तर भाषेच्या ‘व्यवस्थे’विषयीची त्यांची कल्पना कितपत अखंड राहिली असती, असा प्रश्न मनात येतो. तेथे व्यवस्था एक नव्हती. अनेक व्यवस्थांच्या सीमेवर बसलेला सराफ होता.

बाजारातून बट्टा गेला, तरी पैशाचे प्रकार गेले नाहीत. ते नावांत गेले. मार्सेल मोस यांच्या दानविषयक निबंधापासून (१९२५) जोनाथन पॅरी आणि मॉरिस ब्लॉक यांनी संपादित केलेल्या पैसा व विनिमयाची नैतिकता या विषयावरील लेखसंग्रहापर्यंत (१९८९), आणि विवियाना झेलिझर यांच्या १९९४ मधील ग्रंथापर्यंत, पैसा रंगहीन नाही, लोक त्याला वेगवेगळी नावे देऊन वेगवेगळा करतात, हे पुष्कळ सांगितले गेले आहे. मराठी घराला हे कोणी सांगावे लागत नाही. भावाने ताटात टाकलेला रुपया ओवाळणी असतो, लग्नात दिलेला आहेर, भटजींना दिलेली दक्षिणा, दर्ग्यात वाहिलेली नजर, वधूपित्याकडून घेतलेला हुंडा. रुपये सारे कलदार; पण ओवाळणी परत मागता येत नाही आणि आहेर मात्र वहीत टिपून ठेवून परतवावा लागतो. ही नावे जणू नवा बट्टा आहेत. या नावांचा व्यवहार सर्वांत स्पष्टपणे दिसतो तो गाण्याच्या बाबतीत. म्हणून आता मिरजेच्या त्या दुसऱ्या ओळखीकडे वळू.

मिरजेत तंतुवाद्ये बनविण्याचा उद्योग एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला शिकलगार घराण्यातील फरीदसाहेब यांच्यापासून सुरू झाला असे मानले जाते. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार व झिलई देणारे. पेशवाई बुडाल्यावर तलवारीची मागणी ओसरली आणि संस्थानिकांच्या आश्रयाने तेच हात तंबोऱ्याच्या भोपळ्याकडे वळले. तंबोऱ्याला तेव्हाही किंमत होती आणि आजही आहे : भोपळा, लाकूड, तारा, कारागिराचे दिवस, असा त्याचा हिशेब मांडता येतो. त्या तंबोऱ्यावर गाणाऱ्याला मात्र त्याच गावात किंमत दिली जात नसे. त्याला बिदागी दिली जाई. ‘बिदागी’चा मूळ अर्थ निरोपाच्या वेळी द्यावयाची देणगी. ती गाण्याचा मोबदला नाही असे समजावयाचे; पाहुणा निघाला, म्हणून त्याच्या हातावर काही ठेवायचे. रक्कम ठरवायची नाही, मोजायची नाही, आणि घेणाऱ्याने कमी-जास्त बोलायचे नाही. देणाऱ्याचे औदार्य आणि घेणाऱ्याची निरिच्छता या दोन्ही गोष्टी या एका शब्दाने सांभाळल्या जातात. देणारा श्रेष्ठ, हे गृहीतही त्याच शब्दात सांभाळले जाते.

बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) मिरजेत असताना त्यांच्याकडे विष्णु दिगंबर पलुसकर शिकले. कुरुंदवाडजवळच्या त्या मुलाचे डोळे दारूकामाच्या अपघातात अधू झाले होते, त्याला उपचारांसाठी मिरजेस आणले आणि पुढे संस्थानच्या आश्रयाने त्याचे गाण्याचे शिक्षण झाले. आश्रय उत्तम होता. तरीही १८९६ मध्ये पलुसकरांनी मिरज सोडली. त्यामागे एक कथा सांगितली जाते : गावातील एका समारंभाचे निमंत्रण राजाश्रयामुळे शिष्याला आले, पण गुरूंना आले नाही, कारण गुरू पडले गवई. कथेतील तपशील कमी-अधिक असतील. तिचा आशय मात्र बट्ट्याचा आहे. गाण्याचा कस सर्वांना मान्य होता. गवयाला गावात बट्टा होता.

पलुसकर बाहेर पडले आणि सौराष्ट्रात त्यांनी अल्प दराचे तिकीट लावून सार्वजनिक मैफल केली. शास्त्रीय गायकाने केलेली अशी ती पहिलीच, असे त्यांचे चरित्रकार मानतात. १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय निघाले. तिकीट ही वरवर पाहता व्यापारी, म्हणून बिदागीपेक्षा हलकी गोष्ट. पण नीट पाहिले तर तिकीट काढणाऱ्याला नाव नसते. त्याला मुजरा करावा लागत नाही, त्याच्या सवडीची वाट पाहावी लागत नाही, आणि त्याने दिलेल्या पैशामुळे तो गवयाचा आश्रयदाता होत नाही. झिमेल ज्याला रंग उडणे म्हणतात, तेच येथे गवयाच्या उपयोगी पडले. अर्थात रंगहीन पैशाचे स्वतःचे नियम असतात. महाविद्यालयाची मुंबईतील इमारत पुढे कर्जापायी हातातून गेली. सावकाराने गाणे ऐकले नाही. त्याने आकडा पाहिला.

अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांची गोष्ट याच्या शेजारी ठेवून वाचली पाहिजे. तेही मिरजेत राहिले. प्लेगच्या आजारातून ते ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या कृपेने बरे झाले अशी आख्यायिका आहे. त्यांनीही दरबार पाहिला, १९१३ मध्ये पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले, जलसे केले. शेवटी दक्षिणेत प्रवासात असताना त्यांचे निधन झाले आणि त्यांना मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आले. त्यांच्या स्मरणार्थ तेथे उरुसात गाण्याचा उत्सव होतो. थोर थोर गायक-वादक तेथे येतात आणि बिदागी घेत नाहीत. ते ‘हजेरी’ लावतात. हजेरी हा चाकरीतला शब्द. गैरहजर राहिले तर पगार कापला जातो, त्याच शब्दकुळातला. दर्ग्यात मात्र त्याचा अर्थ उलटतो, कारण ज्याच्यापुढे हजर व्हायचे तो देणारा नाही की घेणारा नाही. याच उरुसात चर्मकार समाजाच्या गलेफाला पहिला मान आहे. म्हणजे जो समाज गावगाड्यात बलुत्याचा धनी, तो येथे देणाऱ्यांत अग्रभागी. वर्षाचे काही दिवस नाणी उलट्या दराने चालतात. उरलेल्या दिवसांचा दर त्याने बदलतो, असे मात्र म्हणवत नाही.

खाँसाहेबांची आणि ताराबाई माने यांची कन्या हिराबाई बडोदेकर (१९०५–१९८९) यांचा जन्म मिरजेचा. १९२०च्या दशकात त्यांनी तिकीट लावून, बैठकीत बसून, जाहीर मैफली केल्या. स्त्रीने असे गाणे हे तेव्हा नवे होते. स्त्रीने गायचे आणि पुरुषाने पैसे द्यायचे, या व्यवहाराला मराठीत आधीपासून शब्द होते आणि त्यांतला एक ‘दौलतजादा’. तमाशाच्या बोर्डावर नाचणाऱ्या, गाणाऱ्या बाईला प्रेक्षकाने देऊ केलेला पैसा म्हणजे दौलतजादा. दौलत वाढो अशा दुव्यातून तो शब्द आला असे समजले जाते. पैसे देणारा तो सर्वांसमक्ष देतो, बाई पुढे येऊन घेते आणि देणाऱ्याचे नाव पुकारले जाते. बिदागी निरोपाच्या वेळी, झाकून. दौलतजादा गाणे चालू असताना, दाखवून. ख्यालाचा रुपया आणि लावणीचा रुपया एकाच टांकसाळीत पडलेला, पण पहिल्याने घेणाऱ्याची प्रतिष्ठा वाढते आणि दुसऱ्याने घेणारीला बट्टा लागतो. हिराबाईंच्या तिकिटाने हा हिशेब मोडला. तिकीट-खिडकीवर पैसे आधीच दिले गेले होते. समोर बसलेल्या पुरुषाच्या हातात देण्यासारखे काही उरले नव्हते.

मात्र मराठी समीक्षेने ख्याल आणि लावणी यांच्याविषयी जे बोलले आहे ते या दोन शब्दांपासून कितपत वेगळे आहे? लावणी ‘रंजनप्रधान’, शाहिरी वाङ्मय ‘उत्तान’, असे निर्णय आपण निकषावर घासून दिले असे मानतो. ते देताना वाङ्मयाचा कस पाहिला की ते वाङ्मय ज्या पैशाने जगले त्या पैशाचे नाव पाहिले, हे तपासण्याची तसदी फारशी घेतली गेलेली नाही. वाटेगावचे अण्णाभाऊ साठे याच सांगली जिल्ह्यातले; तमाशाचे लोकनाट्य करून त्यांनी जो बदल घडवला त्यात शब्दांइतकाच पैशाच्या नात्याचाही भाग होता. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, या फडके-खांडेकर वादातही (खांडेकर जन्माने सांगलीचे, हा योगायोग) ‘मूल्य’ हा शब्द सारखा फिरतो. पण दोन्ही पक्ष मूल्य कलाकृतीत शोधतात, एक रूपात आणि दुसरा आशयात. कलाकृती कोणत्या नावाच्या पैशाने जगली, हे कोणीच विचारीत नाही.

हा प्रश्न विचारल्याशिवाय दलित आत्मकथने नीट वाचताच येत नाहीत. दया पवार यांनी १९७८ मध्ये आपल्या आत्मकथनाला नाव दिले ते मोबदल्याच्या एका प्रकाराचे : ‘बलुतं’. बलुते म्हणजे गावकीच्या कामाबद्दल सुगीत मिळणारे धान्य. ते वेतन नव्हे, कारण त्याला करार नाही. दान नव्हे, कारण त्यासाठी राबावे लागते. हक्क म्हणावा तर तो खळ्यावर उभे राहून मागावा लागतो. आटपाडीचे शंकरराव खरात यांच्या ‘तराळ-अंतराळ’ (१९८१) या आत्मकथनाच्या नावातही गावकीचे काम आहे. या लेखनाच्या ‘वाङ्मयीन मूल्या’विषयी जी चर्चा झाली तिच्यात अनुभवाचा ‘अस्सलपणा’ हा शब्द सतत येतो. पुन्हा तोच दगड. ही पुस्तके मुळात मोबदल्याच्या नावाशी भांडत आहेत, हे त्यामुळे दुर्लक्षितच राहिले.

१९२३ मध्ये ‘रुपयाचा प्रश्न’ या विषयावर इंग्रजीत ग्रंथ लिहिणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर, आणि १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यातील दुरुस्तीचे विधेयक मांडणारे डॉ. आंबेडकर यांना आपण वेगवेगळ्या प्रकरणांत वाचतो. पहिल्या ग्रंथात १८३५ चा एक रुपया कसा आला आणि १८९३ मध्ये टांकसाळी खाजगी चांदीला बंद झाल्यावर त्याचे काय झाले, याची मीमांसा आहे. दुसऱ्या ठिकाणी महार वतनदारांच्या बलुत्याचे रोख करात रूपांतर व्हावे आणि तो पैसा सरकारमार्फत मिळावा, अशी तरतूद आहे. माझ्या मते हा एकच विचार आहे. ज्याच्या वाट्याला नावाचा पैसा अपमान घेऊन येतो, त्याला बिननावाचा, आकडा तेवढा असलेला रुपया हवा असतो. विधेयक पुढे जाऊ शकले नाही. महार वतने जाण्यास १९५८ चा कायदा यावा लागला. रंगहीन पैशामुळे संस्कृती उजाड होते हे विधान करताना, ते कोणत्या खळ्यावर उभे राहून केले जात आहे, हे आधी सांगावे लागेल.

सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातून, विटा, खानापूर, आटपाडी या भागांतून, गलाई व्यावसायिक देशभर गेले आहेत. सराफांच्या पेठांत बसून सोने-चांदी गाळणे हा त्यांचा धंदा. मोडीत आलेला दागिना मुशीत जातो तेव्हा तो कोणाचा आहेर होता, कोणाचे स्त्रीधन, कोणी गहाण ठेवला होता, हे काहीच उरत नाही. हीण बाजूला निघते आणि शुद्ध धातूचे वजन तेवढे कागदावर लिहिले जाते. समीक्षेचा निकष तो हाच, आणि तो आवश्यकही आहे. गलाईवाल्याखेरीज पेढी चालत नाही. पण गलाईवाला दागिना घडवीत नाही, आणि दागिना का मोडला हे त्याला कोणी सांगतही नाही.

आता, आपल्या वाङ्मयीन नियतकालिकांत लेख छापून आला म्हणजे लेखकाला जे मिळते, किंवा मिळणार असे कळवले जाते, त्याला ‘मानधन’ म्हणतात. हा शब्द बिदागीचा आधुनिक नातलग आहे. त्यातही रक्कम आधी ठरवायची नसते आणि कमी पडली तर बोलायचे नसते. त्याच अंकाच्या जमाखर्चात अक्षरजुळणीची मजुरी असते, कागदाची किंमत असते, बांधणीचा दर असतो आणि टपालाचा खर्च असतो. ते सारे आधी ठरते, आणि बहुतेक वेळा आधी दिलेही जाते.